वडखळचं वळण आणि जाड बार

गॅरेजमधल्या बाकावर मिस्त्रींनी तीन बार मांडून ठेवले होते आणि मी त्यातला सगळ्यात जाड उचलला. कारण एवढंच, की तो सगळ्यात जाड होता. चाळिशी ओलांडलेली होती, दोन मुलं शिकायला बाहेर होती, ऑफिसात लोक सल्ला विचारायला माझ्या टेबलापाशी येत. तरी अक्कल ही एवढी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा बोटीवर, नऊ-नऊ महिने समुद्रात. त्यांनी हौसेने घेतलेली, मागून दार उघडणारी छोटी गाडी पेणला आमच्या दारात उन्हात तापत उभी असायची. मी रोह्याला सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, एसटीने जायचे. मग काचबिंदूने सासूबाईंची उरलीसुरली नजर गेली. पाण्याचा तांब्या शोधताना त्यांनी एकदा पेटत्या स्टोव्हवर हात ठेवला, तेव्हा त्यांना दिवसभर एकटं ठेवायचं नाही असं ठरलं. नणंद रोह्यातच राहायची. मी गाडी शिकले. सकाळी आईंना मागच्या सीटवर बसवायचं, नणंदेकडे सोडायचं, संध्याकाळी परत घेऊन यायचं. रोज.

पेणमध्ये गाडी चालवणाऱ्या बायका तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि मी त्यातलं भलतंच ताठ बोट. डोळ्यांना काळा गॉगल. हातात मोजे, तेही लोकरीचे, भावाने सिमल्याहून आणलेले. पेणच्या घामट हवेत मी ते घालून स्टिअरिंग धरायचे आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘पकड चांगली येते.’ त्या अवतारातला माझा एक फोटो आहे, तो आज नातीच्या हाती लागू नये म्हणून मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आहे.

गाडी हलकी होती, वळणावर कलायची. सगळ्याच तशा कलायच्या. पण एका संध्याकाळी कचेरीच्या फाटकातून बाहेर वळताना आमचे हेडक्लार्क सगळ्यांदेखत म्हणाले, “बाई, तुमची गाडी वळते की लोटांगण घालते?” अख्खं ऑफिस हसलं. मीही हसले. आणि दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींकडे गेले.

मिस्त्री पन्नाशीचे, कमी बोलणारे. गाडी कलू नये म्हणून काय करता येईल, असं विचारल्यावर त्यांनी ते तीन बार काढले. दोन्ही टोकांना वाकवलेल्या लोखंडी सळया. एक करंगळीएवढी, एक बोटाएवढी, एक माझ्या अंगठ्याहून जाड.

“वहिनी, हा आडवा बार मागची दोन चाकं एकमेकांना बांधतो,” ते म्हणाले. “गाडी एका अंगाला झुकायला लागली की हा तिला ओढून धरतो.”

“सगळ्यात कमी कशाने झुकेल?”

“ह्या जाड्याने. पण तो शर्यतवाल्यांचा हाय. एकाने काढून टाकला, म्हणून माझ्याकडे आला. रोजच्या गाडीला नको. खड्डा एका चाकाला लागेल नि धक्का दोन्हीकडे बसेल. पावसात मागची बाजू घसरेल ते वेगळंच. लावायचाच तर हा करंगळीएवढा लावा. नायतर काहीच नको. गाडीला झालंय काय तुमच्या?”

“मागे आई बसतात,” मी म्हणाले. “वळणावर त्यांना त्रास होतो.”

हे मी गॉगल न काढता म्हणाले.

आईंना कसलाही त्रास होत नव्हता. उलट त्या गाडीत बसल्या की मला गाडीबाहेरचं सांगायच्या. सीटच्या मधोमध बसून दोन्ही तळवे दोन बाजूंना टेकायच्या, आणि गाडी जशी झुकेल तशा झुकायच्या. “पूल आला.” “आता खिंड. आली बघ भिश्याची खिंड.” एकदाही चुकायच्या नाहीत. पण त्या सगळ्याआधी यायचा वडखळ. तिथे धरमतरचा रस्ता उजव्या हाताला सुटतो आणि आपण डावीकडे नागोठण्याला वळतो. डावीकडे वळलं की गाडी उजवीकडे कलते. आईंचं माहेर त्या उजव्या अंगाला, धरमतरच्या खाडीकाठी. वडील मिठागरावर, भाऊही मिठागरावर. आता तिथे कोणी नव्हतं. भाऊ गेले, घर पडलं, बोलवायला माणूस उरलं नाही. गाडी वडखळला कलायची, आई तिच्याबरोबर माहेराकडे कलायच्या, आणि सीटवरचे दोन्ही हात उचलून नमस्कार करायच्या. रोज सकाळी. मी आरशात बघायचे आणि मनात म्हणायचे, म्हातारीची सवय.

जाड बार बसला. पहिल्या सकाळी वडखळला गाडी पाटासारखी सपाट वळली. मला इतका आनंद झाला की मी मागे बघितलंच नाही. नागोठणं मागे पडलं तेव्हा आईंनी विचारलं, “वडखळ यायचा हाय काय गो?”

“केव्हाच गेला, आई! कळलंसुद्धा नाही ना?”

“नाय,” त्या म्हणाल्या. “नाय कळला.”

ही तारीफ आहे असं मी समजले. त्या दिवशी कचेरीच्या फाटकातून मी दोनदा बाहेर पडले. एकदा घरी जायला आणि एकदा, काहीतरी विसरल्याचं निमित्त करून, हेडक्लार्क दारात उभे होते म्हणून.

पुढे आई गाडीत बोलेनाशा झाल्या. पूल नाही, खिंड नाही. हात सीटवर टेकायच्या, पण दर खड्ड्याला दचकून उचलायच्या. एक-दोनदा त्यांनी भलत्याच ठिकाणी, खड्ड्याच्या धक्क्याला, हात जोडलेले मी आरशात पाहिले. मग तेही थांबलं. मी नणंदेला सांगितलं, “आई आता अगदी शांत बसतात. आराम पडला.”

बार बसून तीनेक आठवडे झाल्यावर एका संध्याकाळी, घरी उतरल्यावर पायरीवरच बसून त्या म्हणाल्या, “उद्यापासून मी येत नाय. बाहेरून कडी लाव नि जा.”

“एकट्या? दिवसभर? आणि स्टोव्ह?”

“स्टोव्हला हात नाय लावत. भात झाकून ठेव. घरात मला सगळं म्हाईत हाय, मोरी कुठं, उंबरा कुठं. तुझ्या गाडीत मी कुठं हाय तेच कळत नाय. खड्डा नि वळण एकसारखंच लागतं. कोणी पोत्यात घालून नेतंय असं वाटतं.”

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“वडखळ रोज जातो. मला न सांगता जातो.”

त्या रात्री मी जेवले नाही असं लिहायला बरं वाटलं असतं, पण मी जेवले. मात्र कडी लावायची हा विचार घास गिळताना मध्ये येत राहिला. बाहेरून लावलेली कडी, आणि आत त्या, पावलं मोजत.

रविवारी आईंना घेऊनच मिस्त्रींकडे गेले. त्यांनी गाडी वर घेतली, जाड बार काढून बाकावर ठेवला. आईंनी चाचपून पाहिला.

“हे मुसळ बांधलंस व्हय माझ्या बुडाखाली?”

मिस्त्री त्या वर्षात पहिल्यांदा हसले असावेत. मग त्यांनी करंगळीएवढा बार बसवला आणि माझ्या शेजारी येऊन बसले. आई मागे. आम्ही वडखळपर्यंत गेलो. खरं सांगते, त्या बारने गाडी फार सुरेख झाली होती. कलायची, पण मर्यादेत. चालवताना हाताला गोड लागत होती. वळण घेतलं. वळण संपलं. थोड्या वेळाने मागून आवाज आला, “गेला वाटतं.” आणि त्यांनी हात जोडले, पण नागोठण्याच्या बाजूला तोंड करून.

मिस्त्री हळूच म्हणाले, “वहिनी, गाडीसाठी हाच बरोबर हाय.”

“आणि आईंसाठी?”

“ते मला नाय सांगता यायचं. ते काकींना विचारा.”

विचारायची गरज नव्हती. तरी परतीच्या वाटेवर पेण येईपर्यंत मी प्रत्येक वळण चवीने घेतलं. मला तो बार हवा होता. एवढी वाईट मी होते, हे लपवून आता काय मिळणार आहे? गॅरेजमध्ये पोचल्यावर मी मोजे काढले आणि म्हणाले, “काढा. काहीच नको.”

दुसऱ्यांदा वडखळला गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडी वळली आणि सवयीप्रमाणे उजवीकडे कलली, अगदी लोटांगण घातल्यासारखी. आरशात आई कलल्या. हात सीटवरून सुटले, वळण अजून चालू असतानाच कपाळाला टेकले. मिस्त्री समोर बघत राहिले. मीही.

मिस्त्रींना गॅरेजपाशी सोडल्यावर मी गाडी बाजूला उभी केली आणि मागे वळून एका दमात सांगून टाकलं, की बार तुमच्यासाठी नव्हता घेतला, आई. लोक हसले म्हणून घेतला, आणि नाव तुमचं सांगितलं.

आईंनी पुढे हात करून माझा खांदा शोधला. म्हणाल्या, “ते मला पहिल्याच दिशी कळलं गो. आता उद्या वडखळला जरा हळू घे. अठरा दिसांचे नमस्कार राहिलेत, एका वळणात कसे उरकायचे?”