पाय लांब करून झोपायची सीट

माझ्या धाकट्या भावाला मी चिवट्या म्हणतो. नाव मीच ठेवलंय. गंजलेला बोल्ट असो नाहीतर माणूस, सुटल्याशिवाय हा सोडत नाही. पाना धरायला त्याला मी शिकवलं, माझ्या गॅरेजात. आज त्याचा कारखाना त्याला बाटल्या भरायची यंत्रं बसवायला देशोदेशी पाठवतो. आमच्या घरात विमानात बसलेला पहिला माणूस तो, आणि त्याला घडवणारा मी. कुणी नाही म्हणून दाखवावं.

बहीण त्यानंतर लग्न करून परदेशात गेली ती तिकडचीच झाली. आईला एकदा तिचं घर बघायचं होतं. ओटा केवढा आहे, खिडकीतून काय दिसतं. बस, एवढंच.

चिवट्या म्हणाला, "दादा, मी उडतो त्याचे विमानवाल्यांकडे पॉइंट, म्हणजे माईल्स, जमतात. त्यावर आईचं तिकीट निघेल."

"फुकट?"

"टॅक्स भरायचा. सीट फुकट."

नियम समजून घ्यायला त्याने किती रविवार घातले! विमानवाल्यांना फोन लावायचा आणि कानाला तो होल्डचा बाजा लावून बसायचा. माईल्सवाल्यांना प्रत्येक विमानात मोजक्याच सीटा, त्याही विमानवाल्यांच्या मर्जीने. ज्याला पाठवायचं त्याचं नाव आधी नोंदवायचं. त्याने आईचं नोंदवलं. साध्या सीटपुरते माईल्स जमले तेव्हा मी सगळ्या गल्लीला सांगून आलो.

आई म्हणाली, "मग काढ की तिकीट."

पण तिचे गुडघे! रात्रभराचा प्रवास. चिवट्या म्हणाला, "आई, पुढच्या वर्गात सीटचा पलंग होतो. दुप्पट माईल्स लागतात. थोडी कळ काढ."

मीही म्हणालो, "आमची आई मागच्या रांगेत पाय मुडपून जाणार नाही." आजही तेच म्हणेन.

मग भावाने लांबची कामं मागून घेतली. बाकीचे फिटर नाक मुरडायचे तिथे हा जायचा. अंगात ताप असताना उडाला. ते हसायचे, "काय रे, आईला अख्खं विमानच घेतोस का?" दुप्पट होत आले आणि विमानवाल्यांनी दर वाढवला. विचारलं तर म्हणे, नियमात लिहिलंय, आम्ही कधीही बदलू शकतो. त्याने पुन्हा जमवले. तर जायची सीट होती, यायची नव्हती.

"बाई, जायची तरी द्या," तो फोनवर म्हणाला.

"देते की सर. पण परतीची मिळेलच असं नाही."

बहीण म्हणाली, "अडकली तर माझ्याकडेच अडकेल ना? पाठव तू."

हा म्हणाला, थांबू. थांबला तोवर जायचीही गेली. दर पुन्हा वर. कुत्र्यासमोर हाड धरून माणसाने मागे मागे सरकावं, तसा खेळ चालला होता त्यांचा.

आणि आई मोरीत घसरली. खुबा मोडला, सळई घातली. डॉक्टरांनी सांगितलं, आता लांबचा विमानप्रवास विसरा.

चिवट्याने स्पीकरवर बहिणीला फोन लावला. "ताई, माझ्या माईल्सवर तूच ये."

"ठेव तुझे माईल्स. माझं मी येईन जमेल तेव्हा. दादा, ऐकतोयस ना तूही? साधी सीट मिळत होती तेव्हा पाठवली असती तर आई इथे येऊन गेली असती. पलंगाच्या नादात घालवलंत तुम्ही दोघांनी."

"तोंड सांभाळ!" मी म्हणालो. "तुझ्या भावाने तापात विमानं पकडलीत."

"कुणी सांगितलं होतं?"

फोन कट.

चिवट्या भिंतीकडे तोंड करून बसला. मी आईच्या खाटेजवळ गेलो. "बघितलंस? एवढं करून हे ऐकायचं!"

"तिला बोलू नकोस," आई म्हणाली. "पलंग मी मागितला होता का रे? मी तर उभ्याने गेले असते."

बोलण्यात मला कुणी हरवलेलं नाही, गॅरेजात कुणालाही विचारा. मी बाहेर आलो, एका स्कूटरचं चांगलं बसलेलं चाक काढलं आणि परत बसवलं. चिवट्या मागे येऊन उभा राहिला. मी पाना त्याच्या हातात दिला.