डावा गुडघा

अमेरिकेत मॉरिसव्हिलला आम्ही राहायचो त्या अपार्टमेंटच्या वरच्या मजल्यावर एक मुलगा आणि त्याची आई राहायची. मुलगा बारावीत जाणारा, उंची सहा फूट नऊ इंच. जिना उतरताना डोकं आपटू नये म्हणून तो मान वाकडी करायचा आणि तशाच वाकड्या मानेने मला म्हणायचा, "मॉर्निंग, मॅम." आई एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची. मी कामावर निघायचे तेव्हा ती परतायची. पार्किंगमध्ये आमची गाठ पडायची आणि दोघींच्या हातात कॉफी असायची. तिच्या दिवसाची शेवटची, माझ्या दिवसाची पहिली.

दोन हजार पाचचं साल होतं. मी आणि नवरा दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, व्हिसावर आलेले. बास्केटबॉलमधलं मला तेव्हा काही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. नवऱ्याला आणि त्याच्या मित्रांना मात्र ते इतकं कळायचं, की शनिवारी आमच्या घरात दुसरा विषय निघत नसे. वरचा मुलगा नुसता खेळाडू नव्हता, तो 'रिक्रूट' होता. म्हणजे मोठमोठ्या कॉलेजांचे कोच त्याला स्कॉलरशिप देऊन आपल्या टीममध्ये ओढायला टपलेले. आणि त्या कोचांच्या मागे ही आमची मंडळी. गृहकर्ज डोक्यावर असलेली, पोरांचे डायपर बदलणारी चाळिशीतली माणसं ऑफिसात बसून इंटरनेटवर वाद घालायची, की त्याने काल कुठल्या कॉलेजचा टी-शर्ट घातला होता आणि त्याचा अर्थ काय.

आम्ही त्याच्या खाली राहतो म्हणून आमचा भाव वधारला होता. नवऱ्याला फोन यायचे. "काय रे, आज मूड कसा आहे त्याचा?" आणि माझा नवरा, एम.टेक. झालेला माणूस, पडदा बाजूला सारून बघायचा आणि सांगायचा, "जरा उदास वाटतोय यार." मला हसू यायचं. शिसारी नंतर आली.

या सगळ्यांचे म्होरके म्हणजे काका. हाडांचे डॉक्टर, तीस वर्षांपूर्वी इकडे आलेले, आता निवृत्त. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. आम्ही नवीन आलो तेव्हा स्वतःच्या व्हॅनमधून सोफा आणून दिला होता, आणि जिन्यातून चढवताना एक टोक स्वतः धरलं होतं. जवळच्या एका मोठ्या कॉलेजला ते देणग्या द्यायचे, त्यामुळे मॅचला त्यांची जागा अगदी पुढे. त्या कॉलेजला ते 'आपलं कॉलेज' म्हणायचे. तिथे ते शिकले नव्हते. त्यांची मुलंही तिथे शिकली नाहीत. ती उत्तरेकडे डॉक्टर व्हायला गेली. धाकट्याला बास्केटबॉलचं वेड होतं, तर आठवीनंतर काकांनी त्याचा बॉल गॅरेजमध्ये टाकला. हे काकूंनीच मला सांगितलं होतं, कौतुकाने.

ऑगस्टमधली गोष्ट. शाळेच्या जिममध्ये उन्हाळी सामना होता. मुलाच्या आईची गाडी बंद पडली होती, म्हणून मी तिला घेऊन गेले. आमची मंडळी आधीच येऊन बसलेली. काकांनी उठून तिच्याशी हात मिळवला, तिला आपल्या शेजारी बसवलं, पॉपकॉर्न आणून दिलं. "तुम्हाला किती अभिमान वाटत असेल," असं तिला दोनदा म्हणाले. ती लाजली. नोकरीच्या गणवेशातच आली होती, तिथूनच तिला पुढे कामावर जायचं होतं.

सामना संपल्यावर तिला वृद्धाश्रमात सोडून मी घरी आले, तर सगळे आमच्याकडे चहाला जमलेले. काकांनीच आणून दिलेल्या त्या सोफ्यावर काका मधोमध. मी ट्रे घेऊन आत आले तेव्हा ते सांगत होते, "डावा गुडघा. उडी मारून खाली येताना भार उजव्यावर घेतोय. मी मुद्दाम लक्ष ठेवलं होतं. आत काहीतरी सुरू झालंय."



"मग संपलंच का काका?" नवऱ्याच्या मित्राने विचारलं. आवाज असा, की घरातलंच कुणी आजारी असावं.

"छे रे! दोन वर्षं आरामात काढेल. आपल्याला दोन वर्षं पुरे आहेत. मग दुसरा येतोच की."

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले.

"पण काका, बाहेर बोलू नका हं. कोचच्या कानावर गेलं तर तो हात आखडता घेईल," दुसरा कुणीतरी म्हणाला.

"मी कशाला बोलतोय?"

मी ट्रे टीपॉयवर ठेवला. "आणि त्याच्या आईला?"

"तिला काय?" काका म्हणाले.

"तिला सांगितलंत का? तुमच्या शेजारीच बसली होती."

"अगं, उगाच घाबरेल बाई. डॉक्टर, तपासण्या, बोभाटा. पोराची संधी जायची. त्याच्या भल्याचंच बोलतोय मी."

"दोन वर्षांनी गुडघा गेला की त्याला कॉलेजात कोण ठेवणार? डिग्रीचं काय?"

यावर तो मित्र म्हणाला, "वहिनी, तुम्ही पण ना! या लोकांना डिग्रीशी कुठे घेणं असतं, यार."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बिस्किट बुडवत होता.

सरळ सांगते. माझे वडील वर्ध्याला एसटी डेपोत मेकॅनिक होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. नागपूरला ॲडमिशन मिळाली तेव्हा वडील माझ्यासोबत ऑफिसात आले आणि खिडकीतल्या बाबूला त्यांनी विचारलं, "साहेब, पोरगी मधात आजारी पडली तर नाव तर नाही ना कापणार?" रांगेतली मुलं फिदीफिदी हसली. मी तेव्हा शरमेने खाली पाहिलं नाही आणि आजही मला त्या प्रश्नाचा अभिमान आहे. ज्यांच्या घरात डिग्र्या वारशाने येतात त्यांना तो प्रश्न सुचत नाही. 'या लोकांना' म्हणजे कुणाला, ते मला नीट कळलं होतं. त्यात माझे वडीलही आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले आणि तिला सगळं सांगितलं. तिने हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या माणसाने मला पॉपकॉर्न आणून दिलं."

मुलगा बेडरूमच्या दारात उभा होता. "मी ठीक आहे, मॅम. थोडं दुखतं. सगळ्यांचंच दुखतं."

"किती दिवसांपासून?" आईने विचारलं.

तिची अडचण मला दिसत होती. डॉक्टरकडे गेलं तर बातमी फुटणार. नाही गेलं तर गुडघा. आणि काकांच्या त्या मोठ्या कॉलेजचा कोच सप्टेंबरात घरी भेटायला येणार होता. शेवटी ती म्हणाली, "आधी ते काय म्हणतात ते ऐकू. तू ये, हनी. तू कॉलेज केलंयस. मी नुसतीच मान डोलवत बसेन."

कोच आला त्या संध्याकाळी आमच्या डायनिंगच्या खुर्च्या वर गेल्या. तिने रजा घेतली होती, रताळ्याचं सारण भरलेला तिकडचा गोड 'पाय' भाजला होता, टेबलावर फुलं ठेवली होती. मुलगा इस्त्रीच्या शर्टात, गुडघ्यांवर हात ठेवून सोफ्याच्या काठावर. कोच आणि त्याचे दोन सहायक समोर. त्यांनी घराची तारीफ केली, 'पाय'ची तारीफ केली, मुलाला नखशिखान्त न्याहाळलं. एक सहायक म्हणाला, "जरा हात पसर बरं." मुलगा उठला आणि त्याने हात पसरले. एका भिंतीपासून जवळजवळ दुसऱ्या भिंतीपर्यंत. तिघं एकमेकांकडे बघून हसले.

हे मी कुठे पाहिलंय? मग आठवलं. वर्ध्याची आमची पुढची खोली. मला बघायला आलेली पहिली मंडळी. त्यांच्यातल्या एका मावशींनी आईला सहज म्हणावं तसं म्हटलं होतं, "तो वरच्या फळीवरचा डबा कशाचा हो? काढ ना गं बाळ." मी चवड्यांवर उभी राहून डबा काढला. डब्यात काय आहे हे मग कुणीच विचारलं नाही.

कोच म्हणत होता, "आमच्याकडे तो आमच्या कुटुंबातला होईल."

मी विचारलं, "समजा पहिल्याच वर्षी त्याचा गुडघा गेला. तर उरलेली तीन वर्षं त्याला तुमच्या खर्चाने शिकता येईल?"

कोच प्रसन्न हसला. "मॅम, आमचा वैद्यकीय स्टाफ देशात उत्तम आहे."

"ते चांगलंच आहे. पण शिकता येईल का?"

सहायक म्हणाला, स्कॉलरशिप एकेका वर्षाचीच असते, पुढची द्यायची की नाही ते दरवर्षी ठरतं, सगळीकडे नियम तोच आहे.

"मग तुमच्या टीममध्ये गुडघा गेलेला एखादा मुलगा असेल. त्याच्याशी यांना बोलता येईल का?"

"आम्ही जिंकण्याचा विचार करतो, मॅम," कोच म्हणाला. अजून हसतच होता. "अपयशाचा नाही."

मुलाच्या आईने मान डोलवणं थांबवलं. ती म्हणाली, "तिने तुम्हाला अपयशाचं नाही विचारलं. माझ्या मुलाचं विचारलंय."

मग तिने सगळ्यांना तो 'पाय' वाढला. पाहुण्यांनी चवीने खाल्ला. गाडी पार्किंगमधून बाहेर पडल्यावर तिने खुर्च्या माझ्याबरोबर खाली आणल्या आणि दारातच म्हणाली, "या आठवड्यात त्याला डॉक्टरकडे नेते."

गुडघ्याच्या आत हाडावरच्या कूर्चेचा तुकडा सुटत आला होता. आत्ता शस्त्रक्रिया केली तर जुळेल, डॉक्टर म्हणाले. असाच एक सीझन खेळला असता तर पुढे चालतानाही त्रास झाला असता. आईने त्या कोचला स्वतः फोन करून सांगितलं. त्याने फार हळहळ व्यक्त केली. मग त्याचे फोन कमी झाले, मग बंद. कुटुंबातून नाव कमी व्हायला एवढाच वेळ लागला.

मुलाने मला 'मॉर्निंग' म्हणणं सोडलं. जिन्यात भेटला की भिंतीकडे बघायचा. एकदा मी "कसं वाटतंय?" विचारलं तर म्हणाला, "ते मला घेत होते, मॅम." एवढंच. मला त्याचा राग आला नाही. सतराव्या वर्षी मीही असंच म्हटलं असतं.

मग डोंगराकडच्या एका छोट्या कॉलेजचा कोच आला. जुनी गाडी, जाकिटाचं एक बटण तुटलेलं. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "हमी मला लिहून देता येत नाही, नियम नाही तसा. पण माझ्याकडे गुडघे गेलेली दोन मुलं आहेत. एक हिशेबशास्त्र शिकतोय, एक शिक्षक होतोय. हे त्यांचे नंबर. मी नसताना बोला." आई दोघांशी बोलली. नोव्हेंबरात मुलाने त्या कॉलेजसाठी सही केली, तेव्हा त्याच्या काखेत कुबड्या होत्या.

त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळाची दिवाळी होती. भाड्याने घेतलेलं शाळेचं कॅफेटेरिया, कागदी ताटल्या, झब्बे, पैठण्या, आणि रांगेत इंग्रजीत भांडणारी मुलं. बातमी सगळ्यांना कळली होती.

"बरं झालं सुटलो," तो मित्र चकली चावत म्हणाला. "माल खराबच होता. आपल्या कॉलेजची एक सीट वाचली."

माल. मागच्या महिन्यापर्यंत यांनी त्याचा फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला होता.

तेवढ्यात काका आले. नवा झब्बा, अत्तर, आणि चेहऱ्यावर पेपरात पहिला नंबर आल्याचा आनंद. माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय गं, डावाच निघाला ना? सांग यांना. एक्सरे नाही, काही नाही. नुसतं बाकावर बसून सांगितलं होतं मी!"

मंडळींनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, "मानलं काका तुम्हाला."

"हो, डावाच," मी म्हटलं. "आणि त्याची आई त्याच बाकावर होती. तुमच्या कोपराला कोपर लावून. तिला का नाही सांगितलंत?"

काकांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "अगं, ती काय माझी पेशंट होती?"

आणि त्यांनी करंजी उचलली.

माझ्या शेजारी नवरा उभा होता. तो म्हणाला, "काका, तो सोफा आम्ही उद्या तुम्हाला परत आणून देतो." पहिल्यांदाच त्याने त्या माणसांविरुद्ध तोंड उघडलं होतं, आणि तेही सोफ्याबद्दल. काकांना काही कळलं नाही. "अरे ठेवा, ठेवा, तुम्हालाच दिलाय," म्हणत ते पुढच्या घोळक्यात गेले. तिथून पुन्हा ऐकू आलं, "नुसतं बाकावर बसून!"

आम्ही जेवलो नाही. फराळाच्या दोन ताटल्या फॉइलमध्ये बांधून घेतल्या, आणि घरी आल्यावर मी वर नेऊन दिल्या. दार मुलाने उघडलं. कुबडी भिंतीला टेकवून त्याने फॉइल उघडलं आणि चकली उचलून उलटसुलट पाहिली.

"हे काय आहे, मॅम?"

"खाऊन बघ."

त्याने खाल्ली. दुसरी उचलली. मग, संध्याकाळचे आठ वाजले होते तरी, म्हणाला, "मॉर्निंग, मॅम."

आत त्याची आई खदाखदा हसली.

सोफा दुसऱ्या दिवशी आम्ही खरंच काकांच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. जिन्यातून उतरवताना एक टोक मी धरलं होतं. त्यानंतर बरेच महिने आम्ही सतरंजीवर बसलो, आणि शनिवारी आमच्याकडे कुणी येईनासं झालं.