मैदानातली काठी, छताखालची काठी

९ जानेवारी २०२४, मंगळवार, सकाळी सव्वानऊ. मुलीने टेबलावर टिंपनीच्या काठ्यांच्या दोन जोड्या ठेवल्या. आवरणे झिजली होती, ती बदलायची होती. दुसऱ्या दिवशी पुण्यात एका वाद्यवृंदातील टिंपनीवादकाच्या जागेसाठी तिची परीक्षा होती. जागा एकच होती. अशी जागा पुन्हा कधी निघेल, याचा भरवसा नव्हता.

टिंपनी ही नगाऱ्याचीच जात. तांब्याचे मोठे भांडे, त्यावर ताणलेले कातडे. फरक इतकाच की तिला नेमका सूर लावता येतो. लष्करी बँडमध्ये मी ती निवृत्तीपर्यंत वाजवली. सोनईला, माझ्या गावी, परतलो तेव्हा बँडने बाद केलेली एक टिंपनी लिलावात घेऊन आलो. मुलगी तिच्यावरच शिकली. काठापासून चार बोटे आत मारायचे. मध्यावर मारले की आवाज मरतो. काठी कातड्यावर टेकू द्यायची नाही, तापल्या तव्यावरून बोट उचलावे तशी उचलायची. सूर लांबवायचा तर दोन्ही हात आळीपाळीने चालवायचे, खालच्या सुराला सावकाश, वरच्या सुराला जलद. हे सारे तिला एकदाच सांगावे लागले, असे मी म्हणणार नाही. दोनदा मात्र पुरले.

एक जोडी मी घेतली, दुसरी तिने. काठीच्या टोकाला बुचाचा गोळा असतो. त्यावर फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे जाड कापड, चढवून शिवायचा. मी नेहमीप्रमाणे दोरा करकचून ओढला. तिने माझी काठी घेऊन वाजवली, कान खाली नेला, पुन्हा वाजवली.

"आप्पा, आधी टक् असा आवाज येतोय. सूर मागून येतोय."

एकाही बँडमास्तरने माझ्या काठीबद्दल तक्रार केली नव्हती, असे मी तिला सांगितले. तिची आई ओट्यावर मेथी निवडत होती. ती म्हणाली, "त्यांना असली लेक न्हवती, म्हणून वाचलात."

मुलगी हसली नाही. "तुमचं सगळं वाजवणं आभाळाखाली झालं, आप्पा. मला छताखाली वाजवायचंय."

तिने शिवलेली जोडी मी पाहिली. फेल्ट मऊ, दोरा सैल. बँडमध्ये अशी शिवण मी परत पाठवली असती. पण आवाजाचा निवाडा डोळ्यांनी होत नाही. ऐकून ठरवू, असे मी म्हणालो.

गावात मोठे छत एकच, मंगल कार्यालयाचे. त्या दिवशी लग्न नव्हते. शेजाऱ्याच्या टेम्पोत टिंपनी चढवली आणि उसाच्या ट्रॅक्टरांमागून हळूहळू तिथे पोहोचलो. कार्यालयाचा व्यवस्थापक दार उघडताना म्हणाला, "आजोबा, वाजंत्री आली, वऱ्हाड कुठं हाय?"

मुलगी स्टेजवर उभी राहिली. मी पार मागे, जेवणाच्या दालनाच्या दाराशी, पाठ करून उभा राहिलो. आधी कोणती जोडी घेणार, हे तिने सांगायचे नाही असे ठरले होते.

पहिल्या जोडीचा प्रत्येक ठोका छताच्या पत्र्याला लागून परत येत होता आणि पुढच्या ठोक्यावर पडत होता. मैदानात तो निघून जातो. कार्यालयात त्याला जायला जागा नव्हती. मग तिने काठ्या बदलल्या. ठोका कधी पडला ते कळले नाही. सूर तेवढा आला. तिने तो अगदी बारीक सुरू करून वाढवत नेला, तेव्हा भिंतीशी रचलेल्या लोखंडी खुर्च्या थरथरल्या. माझ्या बँडच्या सगळ्या वर्षांत टिंपनी इतकी भरून वाजलेली मी ऐकली नव्हती.

मी वळलो. "दुसरी तुझी."

"हो."

"तीच ने."

व्यवस्थापकाने विचारले, "ह्या कोन म्हनायच्या?" घरातली गोष्ट बाहेर सांगण्याची मला सवय नाही. त्याला मात्र सांगितले, ही माझी मुलगी, उद्या पुण्याला वाजवणार आहे. तो दुसरीकडे पाहत होता, म्हणून पुन्हा सांगितले.

घरी आल्यावर मी माझ्या जोडीची शिवण उसवली. परीक्षेला राखीव जोडी लागते. मुलगी समोर बसली. मी टाका घालायचा आणि ती म्हणायची, अजून सैल. फेल्टही तिनेच निवडला. शिवणीची बाजू कातड्यावर येऊ नये म्हणून काठीवर खूण करायची असते. ती मात्र तिने मला करू दिली. अंधार पडायच्या सुमारास तिने ती जोडी वाजवून पाहिली आणि आपल्या पिशवीत ठेवली. बँडमध्ये मला पदक मिळाले होते. ते घेताना मान इतकी ताठ झाली होती की नाही, आठवत नाही.

पहाटेच्या एसटीला तिला सोडायचे होते. मोटारसायकलच्या मागच्या चाकात हवा कमी होती. पंप काढून ती भरली.