पिल्लाची आई दाखवा

आमचं नवीन घर बांधून होत आलं तेव्हा मुलानं कुत्रं आणायचं ठरवलं, आणि निवडायचं काम माझ्यावर टाकलं. कारण दिवसभर घरी मीच असते. यात एक अडचण होती. पिल्लू आणायचं म्हणजे अनोळखी माणसांशी बोलावं लागतं, आणि मी भाजीचा भाव विचारायलासुद्धा शेजारणीला पुढं करते.

आधीचं पिल्लू मी शहागंजच्या बाजारात एका टोपलीवाल्याकडून आणलं होतं. मूठभर जीव, थरथरत होता, म्हणून मला दया आली. आठ दिवसांत गेलं. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर माझ्यावर ओरडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "मावशी, याला आईपासून फार लवकर तोडलंय. पुढच्या वेळी पिल्लाची आई बघितल्याशिवाय घेऊ नका." म्हणजे दया आली मला, आणि जीव गेला त्याचा. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही एवढं मी मनाशी पक्कं केलं.

मग चार दिवस पोळ्या लाटताना एकच वाक्य घोकलं, "पिल्लाची आई दाखवता का?" शाळेत चौथीपर्यंत कविता पाठ केल्या, त्यानंतर पाठ केलेलं हे पहिलंच. यांनी बाहेरून ऐकलं आणि म्हणाले, "कुणाशी बोलतीस? कुणाची आई?" मी भाजीला फोडणी दिली आणि ऐकू न आल्यासारखं केलं.

मुलगा मला आधी कुत्र्यांच्या दुकानात घेऊन गेला. काचेमागं लोकरीच्या गुंड्यांसारखी पिल्लं होती. मुलगा गाडी लावायला थांबला आणि दुकानदारानं मला एकटीलाच गाठलं. "आंटी, पेपरवाला होना क्या बगैर पेपर का?"

मला वाटलं, पिल्लाखाली अंथरायला. मी म्हणाले, "पेपर नको. आमच्याकडं रोज येतो. रद्दी भरपूर आहे."

दुकानदार माझ्याकडं बघतच राहिला. मुलगा आत आला तेव्हा दुकानदारानं त्याला सांगितलं, आणि मुलानं हसू दाबायला तोंड फिरवलं. पेपर म्हणजे पिल्लाच्या खानदानाचा दाखला असतो म्हणे. माझा स्वतःचा शाळेचा दाखला कुठं आहे ते मला माहीत नाही, कुत्र्याचा कुठून माहीत असणार?

एवढी शोभा झाली म्हटल्यावर आणखी काय व्हायचं राहिलं होतं? मी वाक्य म्हणून टाकलं. दुकानदार म्हणाला, "माँ? वो तो पूना में होगी. अपना माल गाडी से आता."

माल म्हणाला. मी मुलाचा शर्ट मागून ओढला. दुकानाबाहेर तो वैतागला. "आई, वास्तुशांतीला पंधरा दिवस राहिलेत. सगळ्यांना सांगून बसलोय मी कुत्रं आणतोय म्हणून."

करमाडला माझी नणंद असते. तिच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला एक धनगर कुटुंब येतं. त्यांची कुत्री व्याली होती. रविवारी नणंद मला तिथं घेऊन गेली. धनगरीण माझ्याच वयाची, तीन दगडांच्या चुलीपुढं भाकरी थापत होती. घोकलेलं वाक्य वाया गेलं, कारण आई समोरच बाभळीखाली पडली होती. पाच पिल्लं पोटाशी, आणि माझ्याकडं बघून एक गुरगुर. धनगरणीनं तिला दटावलं, त्यांतली एक तांबूस मादी उचलून माझ्या मांडीवर ठेवली, आणि प्रश्न विचारायला लागली.

"दिसा घरी कोन असतं? तूच का?"

मी मान हलवली.

"भाकर-दूध घालशील?"

मान हलवली.

"आजारी पडलं तर दवाखान्यात नेशील?"

हलवली. मला बघायला आले होते तेव्हासुद्धा एवढी चौकशी झाली नव्हती.

"आन दिसभर साखळीला बांधून ठिवशील?"

माझी मान एकदा हलायला लागली की मधेच थांबत नाही. धनगरणीनं पिल्लू माझ्या मांडीवरून उचललं आणि परत आईजवळ ठेवलं. "मंग नाय देत."

"अगं वहिनी, व्हय काय म्हणतीस!" नणंदेनं मला कोपरानं ढोसलं.

मांडी अजून ऊबदार होती. मग मी बोलले. बांधणार नाही म्हणाले. घराला कंपाउंड आहे, मागं मोकळी जागा आहे. टोपलीतलं पिल्लू कसं गेलं, तेही सांगितलं. रात्री त्याला कापसानं दूध पाजलं होतं आणि ते त्याला गिळताच येत नव्हतं, हे मी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. माझं सांगून होईतो तिची भाकरी तव्यावर करपली.

"लई बोलतीस की गं," ती म्हणाली. "मला वाटलं मुकी हाईस." मग म्हणाली, "दीन तुला. पर आत्ता नाय. अजून अंगावर पितंय. आईच गुरकावून हाकलाया लागली की मंग ये. म्हैना तरी लागंल."

घरी येऊन मी मुलाला सांगितलं, वास्तुशांतीला कुत्रं येणार नाही. तो म्हणाला, आजकाल पंधरा दिवसांची पिल्लंसुद्धा बाटलीवर वाढतात. मी म्हणाले, "नाही." तो चिडण्याऐवजी यांच्याकडं बघायला लागला, जणू ते 'नाही' दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं.

वास्तुशांतीला पाहुण्यांनी कुत्र्याबद्दल विचारलं की हे सांगायचे, "आहे ना, पण अजून माहेरी आहे." मी स्वयंपाकघरातून बाहेर आलेच नाही.

महिन्यानं मी आणि नणंद पुन्हा गेलो. पिल्लू आईच्या पोटाशी शिरायला गेलं आणि तिनं दात दाखवून त्याला हुसकावलं. "बघितलंस?" धनगरीण म्हणाली, आणि पिल्लू माझ्या हातात दिलं. कुत्रीनं उठून त्याचा एकदा वास घेतला आणि मेंढरांमागं निघून गेली. वळूनसुद्धा बघितलं नाही. रडू आलं ते मला.

"आगं बया," धनगरीण नणंदेला म्हणाली, "लेक हिची चाललीय का माझ्या कुत्रीची?"