क्योटोची गाडी आणि सासूबाईंच्या गळ्यातलं कार्ड

सिंगापूरला राहणाऱ्या मराठी माणसाला जपानला जावंच लागतं. तसा कायदा नाही, पण एम्प्लॉयमेंट पासच्या, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्याच्या, मागच्या बाजूला बारीक अक्षरात ही अट छापलेली असावी अशी मला शंका आहे. आमच्या ओळखीतलं एकेक कुटुंब पाळीपाळीने जाऊन येत होतं. जाऊन आलेली मंडळी पुढचे कित्येक शनिवार कुणाच्या ना कुणाच्या कॉन्डोत पनीर भाजता भाजता क्योटोच्या गाड्यांवर व्याख्यान द्यायची. देवळं कशी होती असं विचारलं की "छान होती", संपलं. पण कुठल्या स्टेशनवर कुठल्या दाराने बाहेर पडायचं, कुठला पास घ्यायचा आणि तो न घेणारा कसा मूर्ख, यावर जेवणं थंड व्हायची. मरीन परेडचे एक गृहस्थ तर न गेलेल्यांकडे इतक्या कीवेने बघायचे की आपण पासपोर्ट उगाचच काढला असं वाटावं.

माझा नवरा हे सगळं मुकाट्याने ऐकून घ्यायचा. मला वाटायचं, बिचारा कंटाळलाय. तो अभ्यास करत होता.

त्याच सुमारास सासूबाई मिरजेहून आमच्याकडे आल्या होत्या. सासरे जाऊन वर्ष झालं होतं आणि लेकाला आई डोळ्यांसमोर हवी होती. आम्ही क्वीन्सटाउनला जुन्या सरकारी वसाहतीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. आम्ही दोघं ऑफिसला गेलो की सासूबाई आणि गॅलरीतली तुळस, एवढीच घरात माणसं. पण गणपतीच्या आरतीला त्यांना एक मैत्रीण मिळाली. नागपूरच्या आजी. त्याही लेकाकडे आलेल्या, त्याही एकट्या पडलेल्या, फक्त राहायला बेडोकला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोघी रोज दुपारी फोनवर बोलायच्या. आज काय भाजी केली इथपासून सुरुवात व्हायची आणि आपापल्या गेलेल्या नवऱ्याच्या आठवणीने संपायची.

बेडोकला जाणं अगदी सोपं होतं. क्वीन्सटाउनला गाडीत बसायचं आणि बेडोकला उतरायचं, मध्ये बदलायचं काही नाही. पण सासूबाईंना जाता येत नव्हतं, कारण लेकाने मनाई केली होती.

त्यामागे एक प्रकरण होतं. आल्या आल्याच मायलेक लिटल इंडियाला भाजी आणायला गेले होते. परत येताना गाडी बदलायच्या जागी सासूबाई चटकन आत शिरल्या आणि नवरा कढीपत्त्याची पिशवी घेऊन बाहेरच राहिला. दार बंद झालं. सासूबाई पुढच्या स्टेशनवर उतरल्या, बाकावर बसल्या आणि लेकाची वाट बघू लागल्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. लेक मागच्या गाडीने आला तो घामाने निथळत, पांढराफटक पडून. त्या दिवसापासून तो ज्याला त्याला सांगायचा, "आई हरवली होती."

"मी कुठे हरवले?" सासूबाई म्हणायच्या. "मी चांगली गाडीत बसले होते. हरवला तो."

पण ऐकतो कोण? दुसऱ्याच दिवशी त्याने ऑफिसातून एक लॅमिनेट केलेलं कार्ड आणलं. त्यावर सासूबाईंचा फोटो, आमचा पत्ता आणि आम्हा दोघांचे नंबर, इंग्रजीत आणि चिनीतही. ते कंपनीच्या निळ्या पट्ट्यात अडकवून त्याने आईच्या गळ्यात घातलं. घराबाहेर पाऊल टाकायचं तर कार्ड घालूनच, आणि तेही आमच्यापैकी कुणीतरी बरोबर असेल तरच. मिरजेला शाळेत तीस वर्षं पोरांना दम भरलेली बाई ते कार्ड घालून लिफ्टमध्ये उभी राहायची. शेजारची चिनी आंटी एकदा निरखून बघत म्हणाली, "वा, ग्रँडमा, यू आल्सो गो ऑफिस आह?" सासूबाईंनी हसून मान डोलावली. मला मात्र नवऱ्याचा इतका राग आला की मी सगळा दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलंही नाही, कारण तो क्योटोच्या गाड्यांचे व्हिडिओ बघत होता.

हो, आम्हीही निघालो होतो. ज्या माणसाला आई बेडोकला एकटी जाईल याची धास्ती होती, तो तिला समुद्र ओलांडून जपानला नेत होता. आणि त्याच वेळी नागपूरच्या आजींचं परतीचं तिकीट निघालं. आम्ही क्योटोहून परत आल्यावर त्या तीनच दिवसांत जाणार होत्या. सासूबाईंनी जेवताना विषय काढला, "परत आलो की मी एकदा बेडोकला जाऊन येते. तिला भेटते."

"रविवारी आपण सगळे जाऊ ना," लेक म्हणाला.

"ती शनिवारी चालली आहे."

"मग व्हिडिओ कॉल कर."

सासूबाईंनी भाताला मेतकूट लावून घेतलं आणि जेवल्या.

क्योटोला पोचल्यावर नवऱ्याला जणू पंख फुटले. तिकिटाच्या यंत्रासमोर तो असा उभा राहायचा की ते यंत्र यानेच बसवलंय. मागे रांग लागली तरी आम्हाला तो कुठल्या रंगाची रेषा कुठे जाते ते समजावत राहायचा. जपानी माणसं फार सोशीक. मागे उभं राहून ती आपल्या बुटांकडे बघत राहायची. तेव्हा परक्या देशात फोनवर इंटरनेट सहजी मिळायचं नाही, म्हणून विमानतळावर वायफायचा एक डबा भाड्याने घेतला होता. तो डबा अर्थातच नवऱ्याच्या खिशात. रोमिंग त्याने आमच्या दोघींच्याही फोनचं बंद करायला लावलं होतं. "मी आहे ना," असं त्याचं म्हणणं.

दोन दिवस आम्ही त्याच्या मागे मागे धावलो. देऊळ दिसलं रे दिसलं की पुढच्या गाडीची वेळ व्हायची. सोन्याचं देऊळ मला आठवतं ते नवऱ्याच्या मनगटावरच्या घड्याळाच्या मागे चमकणारं. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, पण त्या काही बोलत नव्हत्या. गळ्यात कार्ड, खांद्याला शबनम, शबनममध्ये भडंग आणि दशम्या. गाडीत खिडकीशी जागा मिळाली की खूष. बाहेरची कौलारू घरं, परसातली भाजी, दांडीवर वाळत घातलेले कपडे. "आपल्यासारखंच आहे गं," म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी इनारीचं देऊळ होतं, ते शेंदरी कमानींच्या रांगा असलेलं. तिथे कोल्हे देवाचे सेवक आहेत हे कळल्यावर सासूबाईंचा जीव तिथेच लागला होता. "खंडोबाला कुत्रा, तसा यांना कोल्हा," म्हणाल्या. क्योटोच्या मोठ्या स्टेशनवरून अगदी जवळ, पाचेक मिनिटांचा प्रवास. आदल्या रात्री नवऱ्याने नियमही सांगून ठेवला होता: चुकामूक झालीच, तर ज्या स्टेशनवर जायचं ठरलंय तिथे उतरायचं आणि प्लॅटफॉर्मवरच थांबायचं. नियम सांगताना तो बघत होता आईकडे.

स्टेशनवर दोन प्लॅटफॉर्मना दोन गाड्या लागल्या होत्या, दोन्हींची दारं उघडी. नवऱ्याने पाटीवर एक नजर टाकली आणि आधी सुटणाऱ्या गाडीत उडी मारली. "या, या, लवकर!"

सासूबाई दाराबाहेरच थांबल्या, मी त्यांच्या मागे. मिरजेसारख्या जंक्शनच्या गावी जन्म गेल्यामुळे गाडीत चढण्याआधी विचारायची त्यांची सवयच होती. "अरे, ही पॅसेंजर आहे ना? सगळीकडे थांबते ना?"

"आई, असलं काही इथे नसतं. गाडी म्हणजे गाडी. चल पटकन!"

हे बोलणं सिंगापूरचं होतं. आमच्या एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, प्रत्येक गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबते. स्टेशन वगळून पुढे जाणारी गाडी ही कल्पनाच आम्ही तिथे राहून विसरलो होतो. याच माणसाने लहानपणी आजोळी जाताना कितीतरी पॅसेंजर धरल्या असतील, पण परदेशात आठ वर्षं काढली की माणसाच्या डोक्यातल्या गाड्याही बदलतात.

एक गोड धून वाजली आणि दार बंद झालं. काचेपलीकडे नवऱ्याचं तोंड आ वासलेलं. मग त्याने स्वतःला सावरलं आणि हातवारे सुरू केले: तिथेच उतरा, तिथेच थांबा. आम्ही दोघींनी माना डोलावल्या. गाडी निघून गेली.

टोपी घातलेल्या एका रेल्वेवाल्याला मी "इनारी?" विचारलं. त्याने वाकून नमस्कार केला आणि समोरच्या गाडीकडे हात दाखवला. मग गेलेल्या गाडीच्या दिशेने बघून दोन्ही हातांची फुली केली. मला घाम फुटला. सासूबाई म्हणाल्या, "एक्सप्रेस होती वाटतं," आणि गाडीत जाऊन खिडकीशी बसल्या.

इनारीच्या प्लॅटफॉर्मवर नवरा नव्हता. असणार कसा? पुढे त्यानेच सांगितलं. मधल्या एका स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा तर त्याची खात्रीच पटली होती की आपलं बरोबर आहे. मग शेंदरी खांबांचं स्टेशन खिडकीतून सर्रकन मागे गेलं. तो दाराशी जाऊन उभा राहिला, दार उघडेना, आणि मग पुढच्या स्टेशनवर गाडी थांबली तरी घाबरून आतच राहिला. पार उजी नावाच्या गावाला उतरला. वायफायचा डबा खिशात होता, जगातल्या कुणालाही फोन करता आला असता, फक्त आम्हाला नाही.

आम्ही बाकावर बसलो. समोर रस्त्यापलीकडे भलीमोठी कमान दिसत होती, लोक तिच्याखालून आत चालले होते. मी म्हटलं, "आई, आपण निदान दारापर्यंत जाऊन येऊ."

"नको. इथेच थांबायचं ठरलंय ना? तो आला आणि आपण दिसलो नाही तर?" त्यांनी भडंगाची पिशवी उघडली. "तुला सांगू, कढीपत्त्याच्या त्या दिवशी मला भीती नव्हती वाटली. पण हा गाडीतून उतरला तेव्हा त्याचं तोंड बघून वाटली. त्याचे बाबा सकाळी चहा पिऊन फिरायला गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून मी दोन मिनिटं दिसले नाही की याचा जीव खालीवर होतो. म्हणून घालते मी ते कार्ड. नाहीतर मला काय हौस आहे?"

इतके दिवस मला वाटत होतं की त्या लेकाला भितात.

"फक्त तिला एकदा भेटायचं होतं गं," त्या म्हणाल्या. "आमच्या वयाला 'परत भेटू' हे नुसतं म्हणायचं असतं."

गाड्या येत होत्या, जात होत्या. काही थांबायच्या, काही धडधडत निघून जायच्या. थांबलेल्या प्रत्येक गाडीची दारं सासूबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायच्या. आमचं भडंग संपत आलं तेव्हा उलट्या दिशेच्या गाडीतून नवरा उतरला. जिना चढून, उतरून धावत आमच्या बाजूला आला. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा पुन्हा तसाच पांढरा.

"तुम्ही घाबरला नाहीत ना?" हे त्याचं पहिलं वाक्य.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "तू?"

त्याने तोंड उघडलं. पाटीला, रंगांना, मरीन परेडच्या गृहस्थांना दोष द्यायची सगळी तयारी दिसत होती. पण तो नुसता खाली बघत राहिला. सासूबाईंनी आपल्या गळ्यातलं कार्ड काढलं, त्याला जरा वाकायला लावलं आणि ते त्याच्या गळ्यात घातलं. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

त्या दिवशी माझा नवरा शेकडो कमानींखालून आपल्या आईचा फोटो गळ्यात घालून चालला. काढून खिशात ठेवायचं धाडस त्याला झालं नाही. कोल्ह्यांसमोर हात जोडून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "गुरुवारी मी बेडोकला चालले आहे."

त्याने एकदा गळ्यातल्या कार्डाकडे बघितलं. "बरं," म्हणाला.

गुरुवारी सासूबाई एकट्या गेल्या. त्या दिवशी ऑफिसात नवऱ्याने काय काम केलं ते त्याच्या साहेबालाच माहीत. मला त्याचे "पोचली का?" असे मेसेज येत होते. सासूबाई पोचल्याचं कळवायला विसरल्या होत्या. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा त्या आधीच परतल्या होत्या आणि चहाचं आधण ठेवलं होतं.

"भेटलात?"

"भेटले. स्टेशनवर घ्यायला आली होती. रडली थोडी. मीही रडले. मग साबुदाण्याची खिचडी खाल्ली." चहात साखर घालता घालता त्या थांबल्या. "तिच्याही गळ्यात होतं बघ."

"काय?"

"कार्ड. हिरव्या पट्ट्याचं. मला बघून लाजली, काढायला लागली. मी म्हटलं, राहू दे गं. मुलं घाबरतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली दूध आणायला जाताना सासूबाईंनी क्योटोहून आल्यापासून दाराजवळच्या खिळ्यावर टांगलेलं आपलं कार्ड काढलं आणि गळ्यात घातलं. नवरा बूट घालता घालता बघत होता. त्याचे खांदे सैल झालेले मला दिसले. मीही त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरले. लिफ्टचं दार लागलं, तसं सासूबाईंनी कार्ड काढून शबनममध्ये टाकलं.