आतोबांचा माइक आणि साहेबांची जीप

नागपुरातला प्रत्येक आवाज आपल्या माइकच्या वाइटावर टपून बसला आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला: माझे आतोबा. महाल भागात त्यांचं माइकसेट भाड्यानं देण्याचं दुकान होतं. स्पीकरमधून जरा खरखर आली की ते साऱ्या जगाला दोषी धरत, आपल्या जुनाट वायरीला कधीच नाही. एका लग्नात त्यांनी शेजारची पिठाची चक्की थांबवली, मांडवातल्या ट्यूबलाइट विझवल्या आणि नवरदेवाच्या मित्राला त्याची स्कूटर चौकापर्यंत ढकलत न्यायला लावली. मंगलाष्टकं अंधारात झाली, पण स्वच्छ ऐकू आली. "दिसलं नाही तं चालते गा, ऐकू आलं पाहिजे," हे त्यांचं त्यावरचं म्हणणं. आम्ही चळवळीतली, पत्रकं वाटणारी पोरं. आमच्या सभेत ते मध्येच "थांबा, थांबा" करत उठायचे, घोषणा अर्ध्यावर तुटायची आणि माझं डोकं फिरायचं.

विणकरांच्या सभेतही तेच झालं. गल्लीत सुताच्या उभ्या धाग्यांचे लांब ताणे पसरून त्यांना पिठाची खळ लावायची, ही तिथली रोजची सकाळ. रहदारीला अडथळा म्हणून ती बंद करायचा हुकूम निघणार होता. ज्यांच्या घरात हातमागच जेमतेम मावतो, त्यांनी ताणा पसरायचा कुठे, हे हुकूम काढणाऱ्यांनी सांगावं. हुकूम काढणारे साहेब ऐकायला आले, म्हणजे तोंड दाखवून जायला आले. जीपचं इंजिन मंचाला लागून सुरूच होतं. दुर्पताबाई विणकरीण जन्मात पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिली आणि स्पीकरमधून तिच्याऐवजी नुसतं टर्रर्र आलं.

आतोबा जीपपाशी गेले. "बंद कर गा."

"साहेबाले लगेच निघाचं आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"निघतीन तवा निघतीन. आता बाई बोलून राहिली का तुहं इंजिन?"

सभा हसली. साहेबांनी ओशाळून हात केला आणि इंजिन थांबलं. मग मात्र त्यांना उठवेना. शांत गल्लीत जीप सुरू करायची म्हणजे पळ काढल्याचं सगळ्यांना ऐकवणं. बाई बोलत राहिली. खळ लावलेला ओला ताणा घरात ठेवला तर काय होतं, पोरं कुठे झोपतात, सगळं. शेवटी साहेब म्हणाले, सकाळी आठपर्यंत ताणे लावायला हरकत नाही, हुकमात तसं घालतो.

सभा पांगल्यावर आतोबा वायर गुंडाळत बाईजवळ आले. "काय बोलली वं तू?"

"तुमी तं समोरच होते नं."

"मी खरखर आयकत होतो. एकदाबी नाही आली."

आतोबा आता नाहीत. त्या गल्लीतले मागही एकेक करून थांबत चालले आहेत. त्या संध्याकाळी मात्र बाई रिकाम्या सतरंजीवर बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली. आतोबांनी वायर बाजूला ठेवली आणि ते तिच्यासमोर मांडी घालून बसले. माइक केव्हाच पेटीत गेला होता.