नाव नसलेलं पत्रक

तुम्हाला एखाद्याचा हेवा वाटला, तर गुन्हा तुम्ही कुणावर नोंदवता?

मी मैत्रिणीवर नोंदवला. आम्ही दोघी क्लाससाठी लातुरात एका खोलीत राहतो. ती शिरूर अनंतपाळची, मी जळकोटची. माझे वडील गावोगाव चळवळीची पत्रकं वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. त्यांचा नियम एकच: खाली लिहिणाऱ्याचं नाव घालायचं नाही. लढा सगळ्यांचा, तर शब्दही सगळ्यांचे.

मागे नांदेडला तिथल्या मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्यासाठी सभा झाली. पत्रक मी लिहिलं. माईकसमोर माझा आवाज फाटतो, म्हणून वाचलं तिने. ‘आमच्या लेकी शिकायला आल्यात, बादल्या भरायला नाही,’ इथे ती थांबली, आणि समोरच्या बायांनी डोळ्यांना पदर लावला. ओळ माझी होती. थांबणं तिचं.

नंतर एका मावशीने तिचा हात धरला. “काय लिवलंस गं बाई. काळीज हाललं.”

“मावशी, ते हिनं...”

मी पायाने तिचा पाय दाबला. नियम म्हणजे नियम. पण मावशीने तिच्या गालावरून हात फिरवला, आणि तो हात मला हवा होता.

परतीच्या एसटीत तिच्या शेजारीच बसून मी तिला मेसेज केला: ‘यू मेक मी फील स्मॉल.’ आमच्या क्लासमध्ये सगळे असंच बोलतात. सोयीचं आहे. या वाक्यात आपण नुसते बसलेले, करणारा दुसराच.

“मी काय केलं गं?” ती म्हणाली. “पाय तूच दाबलास ना?”

“तरी पण.”

“लई इंग्रजी झाडू नको. नीट बोल.”

नीट बोलायचं तर हेवा वाटतो म्हणावं लागलं असतं.

वसतिगृहात पाणी अजून आलेलं नाही. रविवारी पुन्हा सभा आहे, पत्रक तयार आहे, आणि ती म्हणते, “तूच वाच. मी वाचलं की तू छोटी होतेस.” माझ्या फाटक्या आवाजावर कुणी पाणी सोडणार नाही.

आज मी तिला लिहिलं: ‘मला तुझा हेवा वाटतो. रविवारीही वाटेल. तरी तूच वाच.’ खाली माझं नाव घातलं. उत्तर आलं, “बघते.”

तुमच्याही मोबाईलमध्ये असं एखादं ‘यू मेक मी फील’ पडून असेल. आज ते पुसा, आणि हेवा आपल्या नावानिशी पाठवा.